पेन का उठत नाही? शाईचा एक छोटा इतिहास

मेळाव्यासाठी जुने गटफोटो, प्रगतिपुस्तके आणि हस्तलिखित अंकांची सुटी पाने शोधायला माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या, की त्यांतून आणखी एक वस्तू हमखास निघते. शाईचे पेन. कुणाच्या वडिलांचे, कुणाच्या आजोबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले, कुणाचे स्वतःचे शालान्त परीक्षेतले. टोपण घट्ट बसलेले असते, निबेवर निळसर पूड चढलेली असते. दौतीत बुडवून, झाडून, कागदावर चार वेळा गिरवूनही रेघ उमटत नाही. मग "हे गेले कामातून" असे म्हणून ते पुन्हा ट्रंकेत जाते.

अशी बहुतेक पेने बिघडलेली नसतात, तुंबलेली असतात. शाईतले पाणी उडून गेलेले असते आणि मागे राहिलेला साका निबेखालच्या बारीक खाचेत घट्ट बसलेला असतो. हा साका कशाचा हे कळले तर पेन पुन्हा लिहिते करता येते. ते कळण्यासाठी शाईचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. त्या इतिहासात एक जुने भांडण आहे. कागदाला टिकणारी शाई हवी असते आणि पेनाला वाहणारी. जी शाई कागदावर वर्षानुवर्षे राहते, तीच पेनात अडकून बसते. जी पेनातून सहज धुतली जाते, ती कागदावरूनही सहज जाते. गेल्या काही शतकांत लेखणी आणि शाई यांत जे बदल झाले, त्यांतले बरेचसे या भांडणात समेट घडवण्यासाठी झाले.

दौत, कलम आणि कागद

आपण शाळेत जे शब्द सहज वापरले ते दुरून आलेले आहेत. दौत आणि कलम हे शब्द अरबीतले, कागद आणि शाई हे फारसीतून आलेले. 'सियाही' म्हणजे काळेपणा, त्यावरून शाई. त्यामुळे 'निळी शाई' हा शब्दप्रयोग मुळात विसंगतच म्हणायचा. हे शब्द मराठीत रुजले तो काळ बहमनी आणि पुढे आदिलशाही कारभाराचा. त्याच काळात आपले दाभोळ हे या राज्यांचे मोठे बंदर होते. अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार या बंदरात चाले आणि वाशिष्ठीच्या खाडीतून माल आत जाई. बंदर म्हटले की जकात आली, जकात म्हटली की हिशेब आले आणि हिशेब म्हटले की लिहिणारा कारकून आला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी दौत, कलम, कागद आणि शाई हे चार शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

त्या काळची लेखणी म्हणजे बोरू. बोरूचे टोक चाकूने तिरके कापायचे, मध्ये चीर द्यायची आणि दौतीत बुडवून लिहायचे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, समास, कागद, बोरू, शाई असा सगळा तपशील येतो. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत काढत जावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. बोरूने लिहिणाऱ्याला ही अपेक्षा किती कठीण होती हे लक्षात घ्यावे. बोरूचे टोक काही पानांत झिजते, पुन्हा कापावे लागते. दौतीत बुडवल्यावर पहिली चार अक्षरे गडद येतात आणि पुढची फिकट होत जातात. सारख्या जाडीची आणि सारख्या गडदपणाची ओळ हे लिहिणाऱ्याचे जुने स्वप्न होते. फाउंटन पेनाचा शोध त्याच स्वप्नापोटी लागला.

बोरूची शाई मात्र पक्की होती. दिव्याचे काजळ धरायचे, त्यात बाभळीचा डिंक घालायचा आणि पाण्यात तासन्‌तास घोटायचे. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म कण डिंकाच्या आधाराने तरंगत राहतात. कागदावर पडल्यावर पाणी उडते आणि कण चिकटून बसतात. कार्बनला ऊन लागले तरी त्याचा रंग जात नाही. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदाला वाळवी लागली, कडा झडल्या, तरी मधली अक्षरे काळीभोर असतात. हीच शाई फाउंटन पेनात भरली तर काय होईल? डिंक वाळून काजळाचे कण खाचेत जमतील आणि पेन कायमचे बंद पडेल. चित्रकलेच्या तासाला ड्रॉइंग होल्डरने वापरायची काळी वॉटरप्रूफ शाई ज्यांनी हौसेने पेनात भरून पाहिली, त्यांना हा अनुभव असेल. ती शाई या काजळशाईचीच नात. पाण्याने न उतरणारी लाख वगैरे तीत घातलेली असते, त्यामुळे ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही.

बाळगुटीतली शाई

दुसरी जुनी शाई आपल्या घरातल्या डब्यांतून तयार होण्यासारखी होती. बाळगुटीत उगाळायचे मायफळ आणि हिरडा या दोन्हींत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ते लोखंडाच्या क्षाराला भेटले की काळे होते. आवळा किंवा कच्चे केळे लोखंडी विळीवर चिरले की पाते आणि फोडी काळ्या पडतात, तीच ही क्रिया. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई तयार होते. युरोपात हिरड्याऐवजी ओकच्या झाडावरच्या गाठी, म्हणजे आपले मायफळच, वापरत. तिथली कित्येक शतकांची दस्तऐवजे याच लोहशाईने लिहिलेली आहेत.

लोहशाईचा गुण असा की ती कागदावर नुसती बसत नाही, त्याच्या धाग्यांत उतरते. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागल्यावर काही तासांत आणि दिवसांत गडद होत जाते. खरवडून काढायला गेले तर कागदच फाटतो. म्हणून कोर्टकचेऱ्या, नोंदणी कार्यालये आणि बँका यांचा या शाईवर विश्वास होता. बाटलीवरच्या 'पर्मनंट ब्लू-ब्लॅक' या नावाचा उगम हाच. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून निळा रंग घालत, पुढे लोहामुळे ते काळे होई. दोष दोन. ती आम्लधर्मी असते, त्यामुळे पोलादी निब खाते. आणि हवा लागून सुकली की तिचा साका साध्या पाण्यात लवकर विरघळत नाही.

टाक, निब आणि जीभ

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा लाखांनी बाहेर पडू लागल्या. त्या लाकडी दांडीत बसवल्या की झाला टाक. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांच्यामार्फत टाक आपल्याकडे सर्वत्र पोहोचला. त्याला बोरूसारखे पुन्हा पुन्हा कापावे लागत नव्हते. निब गंजली की फेकायची आणि नवी लावायची. पण दर चार शब्दांनी दौतीत बुडवण्याची कटकट राहिलीच.

शाई पोटात बाळगणारी लेखणी करण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. 1827 साली पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने पॅरिसमध्ये अशा पेनाचे पेटंट घेतले. अडचण शाई बाहेर काढण्याची नव्हती, ती थांबवण्याची होती. बंद नळीतून शाई बाहेर यायची तर तेवढीच हवा आत जायला हवी. हवा गेली नाही तर पेन उठत नाही, जास्त गेली तर भळकन डाग पडतो. 1884 साली लुईस वॉटरमन या अमेरिकी माणसाने निबेखालच्या तुकड्यात बारीक खाचा पाडून हे कोडे सोडवले. या खाचांतून केशाकर्षणाने शाई खाली येते आणि त्याच वाटेने हवेचे बारीक बुडबुडे वर जातात. निबेखालच्या या काळ्या तुकड्याला आपण जीभ म्हणायचो. पेन उठत नाही तेव्हा दहांपैकी नऊ वेळा दुखणे या जिभेत असते.

निबेचेही रूप बदलले. लोहशाईने पोलाद खाल्ले जाते म्हणून 14 कॅरट सोन्याची निब आली. सोने मऊ, कागदावर लवकर झिजते. म्हणून टोकाला इरिडियम-ऑस्मियमसारख्या कठीण धातूचा दाणा जोडला. असे टोक जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी 1834 साली करून दाखवले होते. म्हणजे सोन्याची निब ही केवळ श्रीमंतीची खूण नव्हती. टिकाऊ शाई आणि टिकाऊ निब यांना एकत्र नांदवण्याचा तो उपाय होता. एकाच टाकाने सारे लिहिल्यासारखे दिसावे ही समर्थांची अपेक्षा यंत्राने पुरी व्हायला दोनशे वर्षे लागली.

बोटीने आलेली पेने आणि स्वदेशी शाई

आपल्या भागात अशी पेने प्रथम आली ती मुंबईहून. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी कोकण बोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीकडे जायची. चाकरमानी त्या बोटीने गणपती-शिमग्याला गावी येत आणि खिशाला पेन लावून उतरत. खाडीकाठच्या कितीतरी घरांतले पुरुष जहाजांवर आणि पुढे आखातात नोकरीला गेले. त्यांच्या सामानातही पेने असत. खिशाला लावलेले पेन म्हणजे हा माणूस शिकलेला आहे, याची दुरून कळणारी खूण होती.

पेन परदेशी, शाईही परदेशी, हे स्वदेशीच्या काळात अनेकांना खटकू लागले. 1931 साली दि. प. दांडेकर यांनी मुंबईत दांडेकर आणि कंपनी सुरू केली. शाईची पूड आणि शाईच्या वड्या हे त्यांचे पहिले उत्पादन, छाप घोड्याची. फाउंटन पेनासाठी त्यांनी काढलेली शाई म्हणजे कॅमल. कॅमल आणि इंक मिळून पुढे कॅमलिन हे नाव झाले. आपल्यापैकी ज्यांनी वर्गात पाण्यात वडी टाकून शाई केली आहे, त्यांच्या बोटांना या इतिहासाचा डाग लागलेला आहे.

योगायोग असा की त्याच 1931 साली अमेरिकेत पार्कर कंपनीने 'क्विंक' ही शाई बाजारात आणली. जुन्या शाया पेने तुंबवतात आणि कुरतडतात, आमची शाई मात्र लिहिता लिहिता पेन साफ करते, असे तिच्या जाहिरातीत सांगितले जाई. म्हणजे एवढी मोठी कंपनीही त्याच भांडणावर तोडगा शोधत होती.

पेनाच्या बाबतीत स्वदेशीचे नाव निघते ते आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचे. त्यांनी हाताने घडवलेले पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत महात्मा गांधींपर्यंत पोहोचले. जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिले, पेन वापरून पाहिल्याचे आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटत असल्याचे कळवले. ही पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. पोट उघडायचे, ड्रॉपरने शाई भरायची, पुन्हा आटे घट्ट करायचे.

आपल्या शाळेतली बहुसंख्य पेनेही याच ड्रॉपरच्या जातीची होती, फक्त स्वस्त प्लास्टिकची. त्यांची खोड सगळ्यांना आठवत असेल. शाई अर्ध्यावर आली की पेन नेमके निबंधाच्या वहीवर मोठा थेंब टाकायचे. त्याचे कारण असे की शाई कमी झाल्यावर पोटात हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून पेन भरलेले असताना कमी गळते आणि संपत आले की जास्त. आट्यांना दोरा गुंडाळणे, साबण लावणे, खिशात पेन उभे ठेवणे, टिपकागद नसेल तर खडूने डाग टिपणे, ही सगळी आपली शास्त्रे. शेजाऱ्याला शाईचे दोन थेंब उसने देताना निबेला निब लावून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी वसुलीही करायची.

पुढे बॉलपेन आले. लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने 1938 साली त्याचे पेटंट घेतले. त्यात शाई पातळ नसून घट्ट असते, टोकाच्या गोळीवरून ती कागदावर घासली जाते. जिभेचा आणि हवेचा प्रश्नच मिटला. अक्षर बिघडते म्हणून शिक्षकांनी ते बराच काळ वर्गात येऊ दिले नाही. पण धुवायचे नाही, भरायचे नाही, गळत नाही, संपले की रिफिल बदला किंवा टाकून द्या, या सोयीपुढे दौत हरली. त्याबरोबर पेन दुरुस्त करण्याची सवयही गेली.

रजिस्टरातली आपली नावे

टिकणारी शाई की वाहणारी, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. प्रत्येक शाळेच्या कपाटात एक जाड जनरल रजिस्टर असते. प्रवेशाच्या दिवशी त्यात आपले नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात यांची नोंद झाली. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. पन्नास-साठ वर्षांनी एखादा नातू पणजोबांची नोंद शोधत शाळेच्या दारात येतो. जातपडताळणीच्या कामात इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. तो पुष्कळदा कुठल्यातरी शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीत असतो. त्या ओळीवर एखाद्या मुलीचा कॉलेजप्रवेश किंवा मुलाची नोकरी अवलंबून असते.

ती ओळ कोणत्या शाईने लिहिली होती यावर तिचे वाचता येणे ठरते. लोहशाईने लिहिलेली नोंद काळसर होऊन राहते. शाळकरी 'वॉशेबल रॉयल ब्लू' शाईने लिहिलेली नोंद ऊन आणि दमट हवा यांनी फिकी होत जाते आणि छपरातून एक गळती आली तर धुऊनच जाते. कोकणातला पावसाळा काय असतो हे आपल्याला सांगायला नको. कपड्यावरून डाग निघावा म्हणून जी शाई मुलांसाठी बनवली, ती कायमच्या नोंदीसाठी वापरली की असे होते. त्यात लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. पेनात जी शाई होती ती त्याने वापरली. आणि पेन चालते राहावे म्हणून सोयीची शाई भरणे हा साधा व्यवहार होता.

म्हणून जुन्या पेनाकडे पाहताना दोन बाजू लक्षात ठेवाव्यात. ज्या गुरुजींनी पेनात पक्की ब्लू-ब्लॅक भरली आणि दर आठवड्याला ते धुतले, त्यांच्या हातची नोंद आणि पेन ही दोन्ही टिकली. पेन धुण्याचा कंटाळा केला की दोन्हींपैकी एक जाते.

ट्रंकेतले पेन पुन्हा लिहिते करताना

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिला नियम, जोर लावायचा नाही. सुकलेली शाई गोंदासारखी असते. पक्कड लावून पिळले की निब वाकते किंवा मान तडकते.

पेन कशाचे आहे ते आधी ओळखावे. अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा. गंधक-रबराचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, त्याला दिव्याजवळ नेऊ नये आणि गरम पाणीही लावू नये. एबोनाइटचे पोट दिवसचे दिवस पाण्यात ठेवले तर त्याचा काळा रंग तपकिरी पडतो. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव कोणत्याच पेनाला लावू नये, त्याने पेनाचे अंग विरघळते.

मग वाटीभर साध्या, थंड, गाळलेल्या पाण्यात निब आणि मान बुडेल इतकेच पेन रात्रभर उभे ठेवावे. सकाळी पाण्याचा रंग पाहावा. त्यावरून शेवटची शाई कोणती ते कळते. शिक्षकाच्या पेनातून लाल पाणी निघाले तर नवल नको. पाणी बदलत राहावे. सुई नसलेल्या सिरिंजने मानेतून हलके पाणी ढकलावे. निब टिपकागदावर टेकवल्यावर स्वच्छ पाण्याचा डाग पडेपर्यंत हे करावे. दोन-तीन दिवस लागू शकतात. बहुतेक पेने एवढ्यावरच उठतात.

नुसत्या पाण्याने काम झाले नाही तर शाईच्या जातीप्रमाणे उपाय. साध्या रंगीत शाईसाठी दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. पंधरा-वीस मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. अमोनियात ब्लीचिंगचे द्रव कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. लोहशाईच्या काळपट साक्यावर अमोनिया चालत नाही. त्याला सौम्य आम्ल लागते. पाण्यात चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड घालून थोडा वेळ ठेवले की साका सुटतो. नंतर पुन्हा पाणी.

निबेची चीर साफ करायला आपण दाढीच्या ब्लेडचे अर्धे पान घालायचो. ते आता टाळावे. ब्लेडने चिरेच्या कडा आणि जीभ खरवडली जाते. पितळेचा अतिशय पातळ पत्रा अलगद फिरवावा. भिंगातून पाहावे. निबेची दोन्ही टोके समान पातळीत हवीत आणि उजेडासमोर धरल्यावर मध्ये केसाएवढी फट दिसायला हवी. फट दिसतच नसेल तर शाई उतरत नाही. जास्त असेल तरी उतरत नाही, कारण केशाकर्षण तुटते.

आत रबरी पिशवी असलेल्या पेनांत ती पिशवी बहुधा कडक होऊन तुटलेली असते. बाजूच्या तरफेने भरायची ही पद्धत शेफर यांनी 1908 साली पेटंट केली. नवी पिशवी चिकटवायला लाख वापरतात, झटपट चिकटणारा गोंद नाही. लाख उबेने मऊ होते, त्यामुळे पुढच्या माणसाला ते पेन पुन्हा उघडता येते. जुन्या कारागिरांनी हा विचार केला होता म्हणूनच आज आपण ती पेने उघडू शकतो. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस किंवा थोडे मधमाशीचे मेण लावावे. खोबरेल तेल नको. ते शाईत उतरते आणि मग शाई निबेवर नीट पसरत नाही.

काही गोष्टींना हात लावू नये. टोपणावर दातांचे ठसे असतील तर असू द्यावेत. पोटावर जत्रेत कोरून घेतलेले नाव असेल तर पॉलिश करू नये, दोन वेळा घासले की नाव पुसट होते. तडकलेले पोट किंवा टोकाचा दाणा गेलेली निब घरी बरी होत नाही, ती जाणत्याकडे द्यावी.

पेन उठल्यावर रोज वापरायला साधी, धुतली जाणारी शाई भरावी. लोहशाई भरायची असेल तर महिन्यातून एकदा पेन धुवायची तयारी ठेवावी. बाटलीवर ब्लू-ब्लॅक लिहिले म्हणजे आत लोहशाई असतेच असे नाही, विकत घेताना विचारून घ्यावे. कोणतेही पेन भरलेले ठेवून गावाला जाऊ नये.

मेळाव्याच्या दिवशी सर्वांच्या सह्यांसाठी एक वही ठेवली जावी, अशी या निमित्ताने सूचना आहे. ट्रंकेतले पेन धुऊन सोबत आणावे. शिक्षकांनी प्रथम सही करावी, मग तुकडीप्रमाणे आपण. खाली नाव, गाव आणि शाळा सोडल्याचे वर्ष लिहावे. वहीसाठी पक्की लोहशाई ठेवावी, म्हणजे पुढच्या मेळाव्याला जे येऊ शकणार नाहीत त्यांची नावे तेव्हाही वाचता येतील. आणि घरी गेल्यावर त्याच रात्री पेन रिकामे करून धुऊन ठेवावे.